दोघींचं मधलं

सोमवार, २ फेब्रुवारी

अखेर मापनकक्ष सुरू झाला. शब्द जरा जड आहे. सासूबाई 'तळघर'च म्हणतात आणि हे 'बायकोचं बीळ' म्हणतात. म्हणोत. दुसऱ्याच्या कारखान्यात दुसऱ्याच्या वस्तू मोजून पास-नापासचे शिक्के मारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आता शिक्का माझा.

म्हणजे, शिक्का अजून मिळायचाय. मानक संस्था आमच्याकडे एक वस्तू पाठवणार, आम्ही ती मोजायची. त्यांच्या आकड्याशी आमचा जुळला तर मान्यता. मान्यता मिळाली तर पाण्याचे पंप बनवणारे कारखानदार त्यांच्या भागांचं सगळं मोजमाप आम्हाला देणार, आणि ते आलं तरच तळघराचा दिवा चालू राहणार. नाहीतर मला जुन्या साहेबांपुढे पुन्हा जाऊन उभं राहावं लागेल आणि ते म्हणतील, 'मी सांगितलं होतं.' त्यापेक्षा मी भांडी घासेन.

यंत्र जुनं आहे पण खानदानी. लांबलचक लोखंडी बैठक, दोन्ही टोकांना गोल नाकं, मधे हलणारी पाटी. वस्तू पाटीवर ठेवायची, नाकं दोन्हीकडून टेकवायची, की पडद्यावर आकडा. आम्ही त्याला बाकडं म्हणतो. मिलिमीटरचा हजारावा भाग दाखवतं, त्याला मायक्रॉन म्हणतात. सासूबाईंनी विचारलं केवढा, तर म्हटलं, आई, तुमच्या एका केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरा. म्हणाल्या, "थोडेच राहिलेत, आत्ताच मोजून घे."

माझ्याबरोबर जाऊबाई आहेत. थोरले भाऊजी गेल्यानंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या. त्याआधी दूर असायच्या, सुट्टीत चार दिवस भेट व्हायची तेवढीच. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस होत्या, हात अगदी स्थिर. घरात आम्ही सगळे त्यांना फार जपतो. त्यांच्या शब्दाला कुणी नाही म्हणत नाही. परवा त्यांच्या हातून भाजीत मीठ दुप्पट पडलं, तर यांनी दोनदा वाढून घेतली आणि मग संध्याकाळभर पाणी पीत बसले. त्यांचं मन रमावं म्हणून मीच म्हटलं, चला माझ्याबरोबर खाली. लगेच हो म्हणाल्या. बिचाऱ्या.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज मी एक युक्ती केली. पाटीवर कडेला एक आडपट्टी पक्की बसवली. मोजायचा दांडा तिला टेकवला की झालं, दर वेळी तो त्याच जागी बसणार. पूर्वी एका मापाला अर्धा तास जायचा, आता दोन मिनिटं. जाऊबाईंनी पट्टीकडे बराच वेळ पाहिलं.

"सरळ बसलीय का?"

"मी बसवलीय."

"हो, म्हणूनच विचारते."

थट्टा करतात हे ऐकून बरं वाटलं. माणूस सावरतंय.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तालीम म्हणून अर्ध्या मीटरचा एक दांडा दोघींनी वेगवेगळा मोजला. माझा आकडा त्यांच्यापेक्षा चार मायक्रॉनने मोठा. मी दहा वेळा मोजलं, दहाही वेळा तेच. हातच्या काकणाला आरसा कशाला!

जाऊबाई आडपट्टी वापरतच नाहीत. दांडा मोकळा ठेवतात आणि पाटी फिरवायचा स्क्रू हळूहळू पिळत राहतात. आकडा उतरत जातो, उतरत जातो, मग एका जागी थांबून पुन्हा चढायला लागतो. की परत मागे. वरखाली कलवायचा स्क्रू वेगळा, त्याचंही तसंच. आकडा सगळ्यांत खाली येईल तिथे थांबतात आणि तो लिहितात. लोणी काढायला बसल्यासारखं चाललेलं असतं. मला बघूनच जांभया येतात. पण बोलायचं कसं? त्यांना वाटेल, ही आपल्याला चुकीचं ठरवते.

वर जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांच्याकडे सगळ्याला एकच औषध. पंखा एकवर हवा की तीनवर? दोनवर. जेवण आठला की नऊला? साडेआठला. म्हणाल्या, "दोघींचं मधलं काढा. कुणाचं मन दुखायला नको."

मला पटलं. दोन मायक्रॉन इकडे, दोन तिकडे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मानक संस्थेचा दांडा आला. लाकडी पेटी, आत मखमल, आणि पेटी घेऊन स्वतः परीक्षक. उंच, वाकून चालणारे. तळघराच्या दाराशी कपाळ आपटलं तरी हसले. आम्ही आपसांत त्यांचं नाव दोरीसाहेब ठेवलं, कारण त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेले तीन चष्मे होते.

दोघींनी मोजलं. फरक पुन्हा तोच, चार. मी म्हटलं, "जाऊबाई, आपण मधला लिहूया."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझं आहे हे सगळं. तू म्हणशील तसं."

किती समजूतदार बाई! मधला आकडा लिहून दोरीसाहेबांना दिला. एका मायक्रॉनपर्यंत चूक चालते म्हणाले. मी मनात म्हटलं, आमची तेवढीही निघायची नाही.

सोमवार, ९ मार्च

नापास.

दोन मायक्रॉनने जास्त. दोरीसाहेबांनी फोनवर अगदी हळू आवाजात सांगितलं, म्हणून जास्तच लागलं. एक संधी अजून आहे. "दुसऱ्यांदा चुकलं तर दोन वर्षं अर्ज करता येणार नाही, बाई." पंपवाले दोन महिन्यांच्या वर थांबणार नाहीत, दोन वर्षं कुठली.

मी रडले. लिहूनच ठेवते, जिन्यात बसून चांगलं अर्धा तास रडले.

मंगळवार, १० मार्च

तळघराचं तापमान तपासलं. ठीक. रस्त्यावरून ट्रक गेले की बाकडं हादरतं का पाहिलं. नाही. मग वाटलं, फरशीच उताराची असेल. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी पाणसळ घेऊन फरशीवर रांगतेय हे बघून वरून म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

पाणसळ ठेवली. अंगण मुळीच वाकडं नव्हतं.

जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. काही बोलणार होत्या असं वाटलं, पण मग चहासाठी यांची हाक आली आणि त्या वर गेल्या.

शनिवार, १४ मार्च

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

सासूबाईंना स्वयंपाकघरातल्या खाचेत दोन भिंतींच्या मधे एक फळी हवी होती. हे मोजायला उभे राहिले, मी टेपचं दुसरं टोक धरलं. हे फळी कापून घेऊन आले तर ती खाचेत जाईना. बोटभर लांब. मी म्हटलं, टेप तिरका धरला असणार तुम्ही. हे म्हणाले, "तिरका धरला तर कमी नाही का भरायचं?"

"कमी कसं भरेल? भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ गेलं तर सगळ्यांत जवळ. तिरकं गेलं की लांबच पडणार. नेहमी लांबच. तिरकं धरून कधी कुणाला कमी..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. हे म्हणाले, "काय झालं? पाल आहे का?"

मी तशीच खाली पळाले. पायात चपलाही नव्हत्या. बाकड्यावरची आडपट्टी काढली, तालमीचा दांडा मोकळा ठेवला आणि जाऊबाईंसारखा स्क्रू पिळत बसले. आकडा उतरत गेला. एक, दोन, तीन, चार. थांबला. आणखी पिळला तर चढायला लागला. तळाशी होता तो बरोब्बर जाऊबाईंचा आकडा.

माझी युक्तीची आडपट्टी तिरकी होती. अर्ध्या मीटरमध्ये एक टोक दोन मिलिमीटर बाजूला. डोळ्याला कळतही नाही. पण दांडा तिरका, त्यामुळे आकडा दर वेळी मोठा, आणि पट्टी हलत नाही म्हणून दर वेळी तितकाच मोठा. दहादा मोजून दहादा तेच आल्याचा मला काय अभिमान होता! गाढवही दहा वेळा विचारलं तर दहा वेळा तसंच ओरडतं.

आणि मधलं काढणं! एक जण जास्त सांगणारा आणि एक जण कमी सांगणारा असेल तर मधलं काढावं. इथे चुकेल तो जास्तच सांगणार, कमी सांगणारा कुणी नाहीच. सरळ आणि तिरक्याचं मधलं म्हणजे निम्मं तिरकं. आम्ही तेच पेटीत घालून पाठवलं होतं.

जाऊबाई वर कपडे घडी करत होत्या. मी धापा टाकतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातल्या टॉवेलची नीट घडी केली. "तू विचारलं नाहीस. मधलं काढू म्हणालीस. मला वाटलं ही माझं मन राखतेय, तर आपण हिचं राखावं."

दोघींनी एकमेकींची मनं राखली आणि मान्यता घालवली. मला इतकं हसू आलं की मी त्या घडी केलेल्या कपड्यांवरच बसले. त्या हसल्या नाहीत फारशा. म्हणाल्या, "ऊठ, चुरगळतील."

सोमवार, १६ मार्च

तळघराच्या भिंतीवर खडूने लिहिलं: लहान तो खरा. यापुढे दोघींत जिचा आकडा लहान तिचा घ्यायचा. मधलंबिधलं बंद. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी आज पंखा एकवर ठेवला आणि सगळ्यांना घाम फुटला.

मंगळवार, ३१ मार्च

दोरीसाहेब आले. या वेळी दाराशी वाकले, पण सरळ झाले ते दिव्याखाली. दिव्याचं काही झालं नाही.

पेटी छोटी होती. आत दांडा नाही, जाड पोलादी रिंग, आतून आरशासारखी. आतला व्यास सांगायचा, म्हणजे नाकं आतून बाहेरच्या बाजूला टेकवायची. शुक्रवारपर्यंत.

जाऊबाई मला म्हणाल्या, "आधी मी करते." किती उत्साह आलाय त्यांना. भिंतीवरच्या खडूकडे बघत बाह्या सारल्या.

बुधवार, १ एप्रिल

पुन्हा फरक. जाऊबाईंचा आकडा माझ्यापेक्षा तीन मायक्रॉनने लहान.

नियमाप्रमाणे त्यांचा खरा. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि मी मान डोलावली. माझं पूर्वीचं पुण्यकर्म बघता मला तोंड उघडायचा अधिकार तरी काय?

पण जेवताना मी बोटाने ताटात रिंगच काढत होते. या वेळी मी एकही युक्ती केली नव्हती. बाकड्याला जेवढे स्क्रू आहेत तेवढे सगळे पिळले होते.

नंतर डब्याचं झाकण घेतलं आणि त्याच्यावर पट्टी ठेवून बघत बसले. पट्टी बरोबर मधून गेली तर सगळ्यांत जास्त भरतं. जरा बाजूला सरकली की कमी. म्हणजे रिंगमध्ये नाकं मधून जरा सरकलेली असतील तर आकडा लहान येणार, आणि लहान तो खोटा. वरखाली कल असेल तर मात्र दांड्यासारखंच, लहान तो खरा. एकाच वस्तूत एकीकडे सगळ्यांत मोठा शोधायचा आणि दुसरीकडे सगळ्यांत लहान.

दांड्याला बाजूला सरकवलं तरी काही फरक पडत नाही, त्याची टोकं सपाट. म्हणून जाऊबाईंना पाटी आडवी सरकवण्याच्या स्क्रूला हात लावायची सवयच नाही. रिंग त्यांनी नजरेने मधे ठेवली असणार. पाव मिलिमीटरची चूक पुरे.

असणार. मला खात्री आहे. आणि गेल्या वेळीही खात्रीच होती.

गुरुवार, २ एप्रिल

सकाळपासून तीन बेत केले. एक, गुपचूप माझा आकडा लिहावा. दोन, त्यांचा लिहावा आणि जे होईल ते होवो. तीन, लाज वाटते लिहायला, पण मधलं काढावं.

यांना विचारलं. हे म्हणाले, "वहिनींना काही बोलू नको. त्यांचं काय गेलंय ते बघ. तळघराचं काय, आपण काहीतरी करू." या घरात आम्ही सगळे त्यांच्याशी असेच वागतो, कापसात गुंडाळून.

दुपारी खाली गेले. त्या कापडाने पेटी पुसत होत्या. मी दोन वेळा खाकरले. शेवटी तोंडातून निघालं ते असं: "जाऊबाई, तुमचं चुकलं."

त्यांचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"तुमचं चुकलंय. रिंग मधोमध नाहीये. तुम्ही आडवा स्क्रू फिरवलाच नाहीत. लहान तो खरा हे दांड्यापुरतं, इथे उलट आहे. माझा आकडा बरोबर आहे आणि मी मधलं काढणार नाही."

त्यांनी कापडाची घडी केली, पेटीवर ठेवली आणि जिना चढून गेल्या. वर त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

वर गेले तर सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लाटणं शोधायच्या निमित्ताने अर्धा तास ओट्याखालीच बसले. हे संध्याकाळभर वर्तमानपत्रात तोंड घालून बसले. जाऊबाई जेवायला आल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर आतून, "भूक नाही."

मी काय करून बसले? तळघर गेलं असतं तर दुसरं काही केलं असतं. माणूस दुखावलं तर ते कुठल्या बाकड्यावर मोजायचं?

शुक्रवार, ३ एप्रिल

उठले तर तळघराचा दिवा लागलेला. मी अर्ध्या जिन्यात थांबले. जाऊबाई स्वेटर घालून बाकड्यापुढे बसलेल्या. हात आडव्या स्क्रूवर. आकडा चढत होता. थांबला. उतरायला लागला. त्यांनी परत मागे घेतला. मग कलाचा स्क्रू. मग पुन्हा आडवा. मी पडद्याकडे बघत होते, आणि तिथे माझा आकडा आला.

त्यांनी भिंतीवरचं 'लहान तो खरा' ओल्या कापडाने पुसलं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? साहेब येतील. लिही."

लिहिलं. दोरीसाहेब घेऊन गेले. दिवसभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी चारदा चहा केला, चारही वेळा प्यायल्या. राग आहे की नाही, काही कळेना.

बुधवार, २२ एप्रिल

फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. दोरीसाहेब या वेळी मोठ्या आवाजात बोलले. फरक अर्ध्या मायक्रॉनहून कमी. मान्यता. पंपवाल्यांना त्यांनीच कळवलंय, सोमवारी पहिला माल येतोय. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता तळघरात आणखी गारवा करणार का? मला शाल लागेल." यांनी फोन माझ्या हातातून घेऊन पुन्हा सगळं साहेबांकडून ऐकलं, मी खोटं सांगत असल्यासारखं.

जाऊबाई खाली होत्या. मी जिना उतरता उतरताच सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी घाबरले. म्हटलं, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं, मला क्षमा करा.

"वेडी आहेस का?" त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी वर जाऊन काय केलं माहितेय? रडले. इतकं बरं वाटलं मला. मी या घरात आल्यापासून कुणी मला चुकलीस म्हणून म्हटलं नव्हतं. खारट भाजी दोन-दोनदा वाढून घेता तुम्ही. मला कळत नाही का? पाहुण्याची चूक कोणी काढत नाही. मला वाटायचं, किती दिवस आता पाहुणी म्हणून राहायचं इथे."

आम्ही त्यांना इतकं जपलं, इतकं जपलं, आणि त्या एवढा काळ दारातच उभ्या होत्या. त्यांचं मन राखतोय असं समजून आम्ही सगळे त्यांना दूर ठेवत होतो. मीपण. सगळ्यांत जास्त मीच.

"मग त्या दिवसांत बोलला का नाहीत माझ्याशी?" मी विचारलं.

"चूक माझी होती ना. जरा राग येऊ द्यायचा की माणसाला." नाक पुसून म्हणाल्या, "आणि ते अहो-जाहो पुरे कर आता. चूक काढतेस ती अशी अहो म्हणून?"

मला जमेल असं वाटत नाही, सवय नाही. पण संध्याकाळी त्यांनी भाजी केली आणि ती पुन्हा खारट झाली. हे निमूटपणे दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागले. मी यांचं ताट मागे ओढलं, स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि हाक मारली, "अगं ताई, मीठ किती घातलंस!"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. आत ताईने कढई उतरवल्याचा आवाज आला.

मग तिने ओ दिली.